आधी रेघ वाचा, मग टक्केवारी
आकड्यांचा अर्थ : लेखांक ९

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात घर घ्यायचे ठरले की बोलण्यात पहिल्यांदा येतो तो ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. दोन गावांमधले अंतर दहा मिनिटांचे, घरे सारखीच, पण किमतीत मोठी तफावत. आणि तिचे कारण म्हणून सांगितले जाते की पलीकडचा डिस्ट्रिक्ट ‘चांगला’ आहे. हा शब्द ऐकून आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नये. हा शिक्षणापुरता आखलेला स्वतंत्र प्रदेश असतो. बहुतेक ठिकाणी त्याचे मंडळ लोक निवडून देतात, आणि अनेक राज्यांत हे मंडळ आपल्या हद्दीतल्या घरा-जमिनींवर स्वतः कर बसवते. देशभर असे तेरा हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, त्यामुळे शेजारच्या घरांची किंमत आणि वर्गातला फळा यांचा थेट संबंध आपल्या सहज लक्षात येत नाही. तिथे तो संबंध कायद्यानेच जोडलेला आहे. म्हणून दोन डिस्ट्रिक्टमधल्या लोकसंख्येची तुलना करणारा तक्ता हाती आला की त्यातल्या टक्केवारीआधी त्याची हद्द वाचावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. हद्द ही माणसांनी आखलेली असते, आणि तक्त्यातले बरेचसे आकडे तिच्याच पोटातून निघतात.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ महानगरातले दोन डिस्ट्रिक्ट घेऊ. महानगर एक, काउंटी एक, पण डिस्ट्रिक्ट सात. त्यांपैकी एजवुड आणि अलामो हाइट्स यांचे १९६७-६८ या शालेय वर्षाचे आकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेले आहेत. एजवुडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० मुले. त्यांतली जवळपास ९० टक्के मेक्सिकन वंशाची, सहा टक्क्यांहून थोडी अधिक कृष्णवर्णीय. कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न ४,६८६ डॉलर. अलामो हाइट्समध्ये सहा शाळा, सुमारे ५,००० मुले, मेक्सिकन वंशाची १८ टक्के, कृष्णवर्णीय एक टक्क्याहूनही कमी, आणि मध्यक उत्पन्न ८,००१ डॉलर. एवढेच वाचून थांबलो तर ‘एक वस्ती गरीब, दुसरी सुखवस्तू’ असा निष्कर्ष निघतो आणि तो जणू निसर्गनियम वाटू लागतो. पण पुढचा रकाना पाहा. करासाठी धरलेले मालमत्तेचे मूल्य एजवुडमध्ये दर मुलामागे ५,९६० डॉलर होते आणि अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक. उत्पन्नातला फरक दुपटीहूनही कमी, मालमत्तेतला मात्र आठपटींहून जास्त. ही जास्तीची दरी हद्दीने तयार केली: महागडी घरे एका बाजूला, मुलांची गर्दी दुसऱ्या बाजूला.

आता कर पाहू. एजवुडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट भरत होते, अलामो हाइट्सचे ८५ सेंट. म्हणजे गरीब वस्ती अधिक दराने कर देत होती. तरीही राज्याच्या योजनेतला स्थानिक हिस्सा वळता केल्यावर एजवुडच्या हाती दर मुलामागे २६ डॉलर उरले, अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्याने एजवुडला २२२ आणि अलामो हाइट्सला २२५ डॉलर दिले. ज्याच्याकडे आधीच अधिक होते त्याच्या पदरात राज्याचेही तीन डॉलर जास्त पडले. केंद्राची मदत धरून एजवुडची बेरीज ३५६ झाली, अलामो हाइट्सची ५९४. एजवुडच्या पालकांनी खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला.

बहुमताच्या निकालाचा एक मोठा आधार होता स्थानिक नियंत्रणाचा: आपल्या शाळेवर किती खर्च करायचा हे गावाने ठरवावे. हा आक्षेप हलका नाही. दूरच्या राजधानीपेक्षा गावातल्या मंडळाला शाळेची नाडी अधिक कळते, हे कोणीही मान्य करील. पण नियंत्रण म्हणजे निवड करता येणे. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी आपल्या भिन्नमतात दाखवून दिले की काउंटीतल्या सर्वाधिक कर-उत्पन्नाची बरोबरी करायला अलामो हाइट्सला ६८ सेंटांचा दर पुरला असता, एजवुडला ५ डॉलर ७६ सेंट लावावे लागले असते. आणि राज्याच्या कायद्याने शाळा चालवण्यासाठीच्या कराला दीड डॉलरची कमाल मर्यादा घातली होती. ज्याला हवे ते निवडण्याची कायद्यानेच मनाई आहे, त्याच्या हाती नियंत्रण आहे असे म्हणणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप असा की लोक आपल्या मर्जीने राहायला जातात, हद्दीला दोष कशाला? मर्जी असतेच, पण ती घराच्या किमतीच्या आत. शिवाय अमुक वंशाच्या माणसाला घर विकायचे नाही असे करार अमेरिकेतली न्यायालये १९४८ पर्यंत अमलात आणत होती, आणि घर विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करू नये हा केंद्रीय कायदा थेट १९६८ सालचा. तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. जेम्स कोलमन यांच्या १९६६ सालच्या अहवालात मुलांच्या यशावर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक दिसला. मग पैशांच्या रकान्यावर एवढा भर का? पण त्याच अहवालात सोबतच्या मुलांच्या पार्श्वभूमीलाही वजन होते. वर्गात शेजारी कोण बसणार हे महत्त्वाचे असेल, तर ते ठरवणारी रेघ अधिकच महत्त्वाची ठरते.

ही रेघ किती पक्की मानली जाते हे डेट्रॉइटच्या खटल्यात दिसले. शहर आणि ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट मिळून शाळांमधला वंशभेद मोडण्याची योजना खालच्या न्यायालयाने पुढे नेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज हद्द ओलांडता येणार नाही, असे ठरले. तुलना करणाऱ्याने याच खटल्यातून आणखी एक सावधगिरी शिकावी. १९७० च्या सुमारास डेट्रॉइट शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे ४४ टक्के होते, सरकारी शाळांच्या पटावर सुमारे ६४ टक्के. रहिवासी, शाळेच्या वयाची मुले आणि पटावरची मुले हे तीन वेगळे समूह आहेत. एका डिस्ट्रिक्टचे रहिवासी दुसऱ्याच्या पटाशी ताडून पाहिले की निष्कर्ष हमखास चुकतो. एककही सगळीकडे सारखे नसते. हवाईत सगळ्या राज्याचा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, फ्लोरिडात काउंटीला एक असे ६७, आणि आकाराने लहान असलेल्या न्यू जर्सीत पाचशेहून अधिक. जितके तुकडे बारीक, तितके एकेका तुकड्यात एकाच थरातले लोक सापडण्याची शक्यता जास्त.

मग तुलना करूच नये का? करावी, आणि नेटाने करावी. जनगणना ब्युरो दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधल्या ५ ते १७ वयाच्या गरीब मुलांचा अंदाज काढतो आणि त्यावर केंद्राची मोठी मदत वाटली जाते. हे आकडे नसतील तर गरीब मूल कुणाला दिसणारच नाही. एजवुडचा लढाही तुलनेच्या बळावरच पुढे गेला. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टमध्ये दर मुलामागच्या मालमत्तेचे प्रमाण ७०० ला १ आहे, हे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली नोंदवले आणि एकमताने ती व्यवस्था टेक्सास राज्याच्या स्वतःच्या घटनेविरुद्ध ठरवली. १९९३ च्या कायद्याने श्रीमंत डिस्ट्रिक्टना आपल्या कराचा काही भाग इतरांसाठी सोडावा लागला. अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी वाचकांना म्हणूनच एवढे सांगणे आहे: ‘चांगला डिस्ट्रिक्ट’ हे शब्द कानी पडले की ही रेघ कुणी आखली आणि तिच्या पलीकडे दर मुलामागे काय उरले, हे अवश्य विचारा. रेघेपलीकडच्या मुलांनी ती आखलेली नाही.