लव गमावलेलं पीच

वाशीच्या फळबाजारात हापूसची आवक ओसरू लागली, की हिमाचलचा माल नजरेत भरतो. प्लम, पीच, जर्दाळू आणि त्यांच्यातच नेक्टरिन. लालबुंद, गुळगुळीत, देठाशी पिवळसर. ‘पीच आणि प्लमचा संकर आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. नेक्टरिन हे निव्वळ पीचच; सालीवरची लव तेवढी नाही. चव अमृतासारखी म्हणून इंग्रजीत ‘नेक्टर’वरून त्याला निराळं नाव मिळालं, इतकंच.

पुरावा झाडांनीच दिला आहे. पीचच्या झाडाला नेक्टरिन लागल्याची नोंद पीटर कॉलिन्सन यांनी 1741 मध्येच केली होती. डार्विनने 1868 च्या ग्रंथात अशी उदाहरणं कसोशीने गोळा केली: पीचच्या कोयीतून उगवलेलं नेक्टरिन, नेक्टरिनच्या कोयीतून उगवलेलं पीच, एका झाडाची एकच फांदी गुळगुळीत फळांची, इतकंच काय, अर्धं लवदार आणि अर्धं तुकतुकीत असं एकच फळही. असं का होतं, हे कळायला त्या काळी जनुकांची ओळखच नव्हती. 2014 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ते उलगडलं. लव उगवायला लावणाऱ्या एका जनुकात डीएनएचा उपरा तुकडा घुसून बसतो आणि ते जनुक निकामी होतं. दोन प्रतींपैकी एक शाबूत असली तरी लव येते. दोन्ही बिघडल्या की नेक्टरिन. एवढ्याशा बिघाडातून बाजारात अख्खं नवं फळ उभं राहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लवेबरोबर थोडं संरक्षणही गेलं. फुलकिडे आणि तपकिरी कुज नेक्टरिनला अधिक छळतात. बाकी स्वभाव पीचचाच. हिवाळ्यात बराच काळ कडक थंडी मिळाल्याशिवाय कळ्या धड फुटत नाहीत, म्हणून नवी मुंबईत कोय पेरून फळाची आशा धरू नये.

आणलेलं कडक फळ मात्र लगेच फ्रिजमध्ये टाकू नका. घरगुती फ्रिजच्या चार-पाच अंशांत ते बरेच दिवस राहिलं, की पेक्टिन तोडणाऱ्या विकरांचं काम बिनसतं. पेक्टिनची जेली होते, रस तिच्यात अडकतो. वरून टवटवीत दिसणारं फळ आत पिठूळ, कोरडं निघतं. आंब्यासारखं बाहेरच पिकू द्या. देठाजवळ किंचित मऊ लागलं आणि वास सुटला, की सालीसकट खा.