शर्यतीचा आरंभ : उभ्यानें कीं चालत्यानें?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारांत गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतें, खूर पाहतें, अंगावरचे भोंवरे मोजतें. पण सौदा ठरतो तो बहुधा चालीवर. तापीच्या कांठचें हें गांव १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होतें, आतां तें नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. मार्गशीर्षांत दत्तजयंतीला तेथें एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि मारवाड, काठेवाड, पंजाब इकडून घोडे विक्रीस येतात. त्यांत ‘रेवाल’ चालीच्या घोड्याला मोठा मान. असा घोडा झपाट्यानें जातो, पण उधळत नाहीं. स्वाराच्या हातचा पाण्याचा पेला हिंदकळूं नये इतकी त्याची पाठ स्थिर राहते. धुळ्या-जळगांवच्या रस्त्यांवर टांगे होते त्या काळीं टांगेवाल्यालाही एका चालीनें जाणारेंच जनावर हवें असे. घोडा चौखूर उधळला तर टांग्यांतील उतारूंच्या हाडांचा हिशेब कोणी द्यावा?

परंतु जाणता मनुष्य असल्या घोड्याची परीक्षा त्याला उभ्याउभ्या हुसकावून करीत नाहीं. स्तब्ध उभें असलेलें जनावर एकाएकीं दचकलें कीं पहिलीच उडी भरधांवेची घेतें. संकटांतून पळण्याची ती त्याची उपजत रीत होय. शिकविलेली चाल अंगीं बसण्यास त्याला थोडी वाटचाल लागते. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे परदेशांत वर्षानुवर्षें चाललेला एक वाद सहज उलगडतो.

तो वाद आहे घोडागाड्यांच्या शर्यतींविषयीं. अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत हा खेळ लोकप्रिय आहे. गाडी नांवाला, दोन चाकें, दोन दांड्या आणि एका माणसापुरती बैठक. तिला ‘सल्की’ म्हणतात. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर जें भरधांव दौडणें हाच पराक्रम, तें येथें अपराध ठरतें. घोड्यानें ठरलेली चालच राखावयाची. एक चाल दुडकीची. तींत पुढचा उजवा व मागचा डावा असे तिरपे पाय जोडीनें पडतात. दुसरींत एका अंगाचे दोन्ही पाय बरोबर पुढें येतात. ही दुसरी चाल आपल्या रेवालीच्या जवळची. चाल मोडली तर हांकणाऱ्यानें लगाम आवरून घोडा पुन्हा चालीवर आणावयाचा. उधळून पुढची जागा पटकावली तर घोडा बाद होतो.

आतां असे दहा-बारा घोडे एका रेषेवर उभे करून सोडावे कसे? एखाद-दुसरा तरी दचकणारच, आणि तो दचकला म्हणजे त्याची शर्यत पहिल्या पन्नास पावलांत संपली. तरीही उभ्या सुरवातीची रीत जुनी आहे व तिचा अभिमान बाळगणारे लोकही आहेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें आडवी फीत ताणून तिच्यामागें घोडे उभे करतात. फीत सुटली कीं निघावयाचें. १९०४ मध्यें सुरू झालेली न्यूझीलंडची क्राइस्टचर्च येथील मोठी शर्यत अशाच आरंभासाठीं नांवाजलेली आहे. फ्रान्स व स्वीडन येथें निराळी युक्ति केली. तेथें घोडे एका जागीं खिळून उभे नसतात; ठरलेल्या जागेंत ते फिरत राहतात व इशारा होतांच वळून रेषेकडे निघतात. पॅरिसच्या व्हँसेन मैदानावर १९२० पासून होणारी ‘प्री दामेरिक’ ही शर्यत याच रीतीनें गाजली.

या रीतीचा मोठा गुण म्हणजे तिच्यांत बळानुसार अंतर देतां येतें. ज्या घोड्यानें पुष्कळ बक्षिसें मिळविलीं त्याला दहा, वीस किंवा अधिक मीटर मागून निघावें लागतें. त्यामुळें सामान्य घोड्यासही आशा राहते आणि शेवटच्या वळणावर मागचा बलाढ्य घोडा पुढच्यांस गांठतो कीं नाहीं, हें पाहण्यांत प्रेक्षकांचा जीव गुंततो.

अमेरिकेंत मात्र गोंधळ वेगळाच होता. तेथें घोडे चालतच रेषेकडे येत. सर्व एका ओळींत दिसले तर पंच सोडी, नाहीं तर घंटा वाजवून परत बोलावी. पुन्हा मागें जावयाचें, पुन्हा वळावयाचें, पुन्हा यावयाचें. कोणी हुशार हांकणारा मुद्दाम ओळ बिघडवून प्रतिस्पर्ध्याचा तापट घोडा थकवी, असेंही घडे. खेड्यांतल्या जत्रेंत लोकांना घाई नसते, म्हणून तें खपून गेलें. पण १९४० मध्यें न्यूयॉर्कजवळ रूझवेल्ट रेसवे हें मैदान निघालें आणि दिव्यांच्या उजेडांत, रात्रीं, शहरी प्रेक्षकांपुढें शर्यती होऊं लागल्या. शेवटची गाडी गांठून घरीं जावयाचें असलेला मनुष्य घंटा किती वेळ ऐकणार?

ओहायोच्या स्टीफन फिलिप्स यानें त्यावर तोड काढली आणि १९४६ मध्यें ती याच मैदानावर उतरली. एका मोटारीच्या मागील बाजूस दोन्हीकडे पसरणारे लांब पंख बसविले कीं रस्ताभर एक चालतें फाटक तयार होतें. मोटार हळू निघते, घोडे आपापल्या चालीनें फाटकाशीं नाक लावून येतात. ती वेग वाढविते, तेही वाढवितात. रेषा येतांच पंख मिटतात, मोटार झपाट्यानें पुढें निघून बाजूस होते आणि शर्यत सुरू होते. त्या क्षणीं प्रत्येक घोडा चालीवर असतो, वेगांत असतो व ओळींत असतो. रूझवेल्ट रेसवे १९८८ मध्यें बंद पडलें. तें फाटक मात्र देशोदेशीं पोंचलें.

मग वाद उरला कसला? उरला तो असा. चालत्या फाटकामागें अंतर देतां येत नाहीं. बलवान व दुबळा एकाच ओळींत येतात. शिवाय जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या तर आंतल्या कडेची जागा ज्याला मिळाली त्याला वळणावर कमी धांवावें लागतें, आणि ओळींत न मावणारे घोडे दुसऱ्या रांगेंत कोंडले जातात. म्हणजे आरंभींचा अपघात टळला, पण नशिबाचा वांटा गेला नाहीं. तो चिठ्ठींत जाऊन बसला. वेळेची तुलनाही अवघड झाली. वेगांतच रेषा ओलांडणाऱ्याची वेळ उभ्यानें निघणाऱ्यापेक्षां साहजिकच कमी भरते. म्हणून स्वीडन-फिनलंडमध्यें मोटारीमागून निघालेल्या घोड्याच्या वेळेपुढें ‘ए’ हें अक्षर लिहितात. असें असलें तरी जनावराच्या दृष्टीनें पाहिल्यास फिलिप्सचें फाटक अधिक दयाळू आहे, यांत शंका नाहीं.

हा जनावराचा प्रश्न आपल्याकडे दूरचा नाहीं. खानदेशांत बैलगाडीच्या शर्यतीचा नाद आहे, शेजारीं वऱ्हाडांत शंकरपट आहेत. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या झेंड्याच्या इशाऱ्यावर एकदम सुटतात. पुणें जिल्ह्याच्या घाटांत एकेक गाडा पळतो व त्याची वेळ घड्याळावर मोजतात. बैल स्वभावतः सावकाश. उभ्या बैलानें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उडी घ्यावी, असा आग्रह धरला कीं शेपटी पिळणें, टोंचणें, मारणें यांचा मोह तेथेंच, आरंभाच्या रेषेपाशीं होतो. जुलै १९११ नव्हे, अगदी अलीकडे, जुलै २०११ मध्यें केंद्र सरकारनें बैलाचा समावेश खेळांस वर्ज्य प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या, त्यामागें अशाच छळाचीं वर्णनें होतीं. २०१७ मध्यें महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती कायम ठेवली. परवानगी अर्थातच अटींवर आहे.

जेथें गाडे एकेकटे पळतात तेथें सर्वांना एका ओळींत सोडण्याची गरजच नसते. बैल जुंपल्या जागेवरून आपल्या पावलानें निघावे, वीस-पंचवीस पावलें पुढें रेषा असावी आणि तिच्यावर पहिला खूर पडेल तेव्हां घड्याळ चालू व्हावें. मग मागें उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं काठी कशाला राहावी? ना मोटार लागते, ना पंख. लागते ती चुन्याची एक रेघ, आणि ती थोडी पुढें ओढण्याची पंचांची तयारी.