शास्त्रसंवादाचे मर्म

संशोधनाचा निबंध तज्ज्ञाने तज्ज्ञासाठी लिहिलेला असतो. त्यात निष्कर्ष असतो, प्रमाणे असतात; परंतु त्या निष्कर्षाप्रत येताना कोणते पर्याय टाकून द्यावे लागले, कोणती शंका अखेरपर्यंत छळत राहिली, ह्याचा मागमूस त्यात सहसा उरत नाही. ही पार्श्वभूमी ज्यास ठाऊक नाही अशा वाचकाला निबंध दुर्बोध वाटतो, आणि दोष मात्र परिभाषेच्या माथी मारला जातो. वस्तुतः पारिभाषिक शब्दांच्या जागी सोपे शब्द योजल्याने ही अडचण अंशतःच दूर होते. निबंधात जे गाळले गेले ते बाहेर काढण्यास कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो. तज्ज्ञाशी संवाद हे शास्त्रप्रसाराचे जुने साधन आहे ते ह्याच कारणास्तव. त्याचे सामर्थ्य कशात आहे आणि त्यास मर्यादा कोठे पडतात, हे ठरविण्यास इतिहासातील काही उदाहरणे उपयोगी पडतात.

लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेची स्थापना १७९९ मध्ये झाली. १८०१ पासून हंफ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ तेथे व्याख्याने देऊ लागला व लवकरच त्यांची ख्याती सर्वत्र पसरली. ती ऐकणाऱ्यांत जेन मार्सेट ह्या विदुषी होत्या. त्यांचे पती अलेक्झांडर मार्सेट हे वैद्य असून रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. मार्सेटबाईंनी १८०६ मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हा दोन खंडांचा ग्रंथ आपले नाव न घालता प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःचा अनुभव नमूद केला आहे. सप्रयोग व्याख्याने प्रथम ऐकली तेव्हा प्रयोग इतक्या झपाट्याने डोळ्यांपुढून गेले की मनात स्पष्ट असे काहीच ठसले नाही. पुढे एका स्नेह्याशी त्या विषयावर वारंवार बोलणे झाले, काही प्रयोगही पुन्हा करून पाहता आले, आणि मग तशाच व्याख्यानांतून त्यांना खरा लाभ होऊ लागला. हा अनुभव इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून त्यांनी ग्रंथाला संवादाचे रूप दिले.

ह्या ग्रंथात मिसेस बी. ही शिक्षिका आहे, आणि एमिली व कॅरोलाइन ह्या दोन शिष्या आहेत. एमिली शांत व विचारी, तर कॅरोलाइन उतावळी आणि चटकन् न पटणारी. दोघींच्या स्वभावांतील हा भेद केवळ रंजनासाठी योजलेला नाही. हायड्रोजनवरील संवादाचे उदाहरण घ्यावे. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, आणि त्याचा एक घटक ज्वलनशील आहे, हे विधान पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. परंतु ज्या पाण्याने आग विझते त्याच पाण्यात जळणारा वायू असावा कसा, ही शंका नवख्या मनात आल्यावाचून राहत नाही. तिचे निरसन शब्दांनी होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडावरून वाफ नेली असता लोखंड तिच्यातील ऑक्सिजन घेते व हायड्रोजन मोकळा होतो. तो हवेत जाळून ज्योतीवर थंड काच धरली की काचेवर पाण्याचे थेंब जमतात. एकदा विघटन आणि एकदा घटन असे दोन्ही बाजूंनी दाखविल्यावरच विधान पटते. शिष्येची शंका ही अशा रीतीने शिक्षिकेला विधानापासून प्रमाणाकडे नेते. संवादपद्धतीचे पहिले सामर्थ्य हेच होय.

दुसरे सामर्थ्य ह्या ग्रंथाच्या एका वाचकाच्या चरित्रातून प्रत्ययास येते. मायकेल फॅरडे हा लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाची; त्यांत हा ग्रंथ त्याच्या हाती आला. १८१२ मध्ये त्याने डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे लिहून, बांधून डेव्हीकडे पाठविली, आणि १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाला. विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचा त्याचा शोध १८३१ मधील. १८५८ मध्ये मार्सेटबाई निवर्तल्या तेव्हा लिहिलेल्या एका पत्रात फॅरडेने त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. आपण अद्भुत कथांवरही सहज विश्वास ठेवणारे होतो, परंतु कोणतेही विधान उलटतपासणी केल्यावाचून स्वीकारावयाचे नाही ह्या सवयीने आपणास तारले, असे तो म्हणतो. ह्या ग्रंथातील विधानेही त्याने आपल्या ऐपतीनुसार लहानसहान प्रयोग करून ताडून पाहिली, आणि ती खरी ठरली तेव्हाच त्याची रसायनशास्त्रावर श्रद्धा बसली. ग्रंथाने त्याला माहिती दिली हे खरेच. परंतु ती तपासण्याची वाटही त्याच ग्रंथाने दाखविली, हे अधिक महत्त्वाचे.

ही वाट नसेल तर संवादाचे सामर्थ्यच धोक्याचे ठरते. गॅलिलिओने आपला विश्वरचनेवरील सुप्रसिद्ध ‘संवाद’ १६३२ मध्ये विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. चार दिवस चाललेल्या ह्या चर्चेत साल्व्हियाती कोपर्निकसचा पक्ष मांडतो, सिंप्लिचिओ ॲरिस्टॉटलचा. सुबुद्ध व निःपक्षपाती नागरिक साग्रेदो दोघांनाही प्रश्न विचारतो. पृथ्वी फिरत असता तिच्यावरील वस्तू मागे का पडत नाहीत, ह्या आक्षेपाचे दुसऱ्या दिवशी झालेले निरसन आजही वाचनीय आहे. परंतु चौथ्या दिवशी भरती-ओहोटी ही पृथ्वीच्या दैनिक व वार्षिक गतींच्या संयोगाने घडते असे प्रतिपादन येते, आणि ते चुकीचे आहे. भरतीचे कारण चंद्र व सूर्य यांचे गुरुत्वाकर्षण होय, हे न्यूटनने १६८७ मध्ये दाखविले. येथे मुद्दा असा की, दुसऱ्या आणि चौथ्या दिवसांच्या वाङ्मयीन गुणांत फारसा फरक नाही. साल्व्हियातीचे वक्तृत्व तेच आहे. उत्तम संवादात खरे आणि खोटे सारख्याच सहजतेने गळी उतरते, आणि श्रोत्याला समजल्याचे समाधान दोन्ही वेळा सारखेच लाभते. समजल्याचे समाधान हे सत्याचे प्रमाण नव्हे.

येथवर पाहिलेले संवाद लेखकांनी रचलेले होते. प्रत्यक्ष तज्ज्ञाशी झालेल्या मुलाखतीतही हीच दक्षता लागते. पुंज-भौतिकीचा इतिहास जतन करण्यासाठी १९६१ ते १९६४ ह्या काळात टॉमस कून व त्याचे सहकारी यांनी त्या क्रांतीत भाग घेतलेल्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. नील्स बोरची अखेरची मुलाखत १७ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी तो निधन पावला. एक दिवस उशीर झाला असता तर काय हरवले असते, हे निराळे सांगावयास नको. परंतु ह्या उपक्रमाने मुलाखतींबरोबरच मूळ पत्रे व हस्तलिखिते यांच्या सूक्ष्मचित्रफितीही जमविल्या. चाळीस वर्षांपूर्वीची घटना सांगताना प्रामाणिक मनुष्याचीही स्मृती मागाहून कळलेल्या गोष्टींनी रंगलेली असते. त्या काळचे पत्र हाती असले तर ती ताडून पाहता येते. फॅरडेच्या प्रयोगाचे जे स्थान, तेच येथे पत्राचे.

प्रश्नाची योग्यता ओळखणारे तज्ज्ञ महाराष्ट्रातही झाले. २०२५ मध्ये दिवंगत झालेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी स्वाक्षरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रघात पाडला होता: पोस्टकार्डावर विज्ञानविषयक प्रश्न लिहून पाठवावा, उत्तर स्वाक्षरीसह मिळेल. प्रघात साधा, परंतु त्यात मोठा अर्थ सामावलेला आहे. ज्यास स्वाक्षरी हवी त्यास आधी आपणांस काय कळत नाही ह्याचा विचार करावा लागे.

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ह्या विवेचनाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी त्याचा निबंध वाचलेला असावा, आणि कोठे अडले ते नेमके लिहून काढलेले असावे. ‘आपण काय शोधून काढले?’ ह्या प्रश्नाचे उत्तर निबंधात असतेच. ‘हे चुकीचे ठरावयाचे असेल तर कोणत्या प्रयोगाने ठरेल?’ हा प्रश्न मात्र समोरासमोरच विचारता येतो, आणि त्याच्या उत्तरात संशोधनाचा सारा सांगाडा दिसून येतो. तज्ज्ञाचे मत कोणते आणि सिद्ध झालेले कोणते, हा भेद संवाद शब्दांकित करताना पुसला जाऊ नये. ‘हे अद्याप कळलेले नाही’ असे तो म्हणाला असेल तर ते वाक्य प्रथम जपावे. अशा संवादाच्या वाचकास संशोधन सोपे वाटेलच असे नाही, परंतु ते तपासावे कसे हे त्यास कळेल. आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवाराला नेमके तेवढेच हवे होते.