फ्लॉरेन्सचं वार्तापत्र : सुगंध जमिनीखालचा

मे महिन्यात फ्लॉरेन्सभोवतीच्या टेकड्या आयरिसच्या फुलांनी निळसर होतात. शहराच्या ध्वजावरही हेच फूल आहे, पांढऱ्यावर लाल. 1251 पर्यंत ते लालवर पांढरं होतं. पण इथलं प्रसिद्ध अत्तर या फुलाचं नाही, त्याच्या कंदाचं आहे.

कियान्ती भागात सान पोलो गावाच्या आसपास द्राक्ष आणि ऑलिव्हच्या मळ्यांच्या कडेला, दगडाळ उतारांवर हा आयरिस लावतात. कंद तीन वर्षं जमिनीत राहतो. उन्हाळ्यात खणून काढायचा, बाकदार सुरीने हाताने सोलायचा, उन्हात वाळवायचा आणि पुन्हा तीन वर्षं नुसता ठेवून द्यायचा. ताज्या कंदाला म्हणावा असा वास नसतोच. साठवणीत हवेच्या संपर्काने त्यात हळूहळू ‘आयरोन’ तयार होतं; 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याचा छडा लावला. वाफेवर काढलेला अर्क लोण्यासारखा थिजतो, आणि टनभर वाळक्या कंदातून तो जेमतेम दोन किलो मिळतो. ढोकीत, तेरणा साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या माणसाला साठवून मोल वाढण्याचं हे गणित अजब वाटतं. आपल्याकडे तोडलेला ऊस काट्यावर पोचायला उशीर झाला की वजनही घटतं आणि उताराही.

आयरिसचं अत्तर मनगटावर लावल्यावर पहिल्यांदा येतो तो गार, कोरडा, किसलेल्या कच्च्या गाजरासारखा मातकट वास. त्यात गोडवा अजिबात नसतो. थोड्या वेळाने तो मऊ, पावडरीसारखा होतो आणि संध्याकाळपर्यंत अंगालगत राहतो. आपला मोगरा किंवा हिना माणसाच्या आधी खोलीत पोचतात. आयरिस जवळ येणाऱ्यालाच कळतो. मला तो याच संयमासाठी आवडतो.

आपल्यालाही मुळांचे वास नवे नाहीत. वाळा, नागरमोथा, कचोरा यांच्याशिवाय दिवाळीचं उटणं होत नाही. बाळगुटीत आपण वेखंड उगाळतो, तर इथे दात येणाऱ्या बाळांना आयरिसचा सोललेला कंद चघळायला देत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापारवर्णनात तर आपल्या ढोकीशेजारचं तेर ‘तगर’ नावाने येतं. तिथलं कापड भडोचच्या बंदरात उतरायचं, आणि त्याच बंदरातून जटामांसी आणि कोष्ठ ही सुगंधी मुळं रोमकडे जायची. तेव्हा इटलीला मुळांचा सुगंध आपण पुरवत होतो.

आज मोरोक्को आणि चीनमधला स्वस्त कंद बाजारात आहे, आणि सोलायला बसणारे हात कमी होत चालले आहेत. सहा वर्षांनी हाती येणाऱ्या पैशावर घर चालत नाही. द्राक्ष आणि ऑलिव्ह आहेत म्हणून इथला शेतकरी कंदासाठी थांबू शकतो. अत्तरवाल्या कंपन्यांनी लागणीच्या वेळीच दर बांधून दिला, तरच मळ्यांच्या कडेचा हा आयरिस टिकेल, असं मला वाटतं.