अनुग्रह आणि भरपाई : ब्रिटनमधील दूषित रक्ताच्या प्रकरणातील शब्दव्यवहार

मराठी शासनव्यवहारात ‘सानुग्रह अनुदान’ हा शब्दप्रयोग आता पुरता रुळला आहे. दिवाळीच्या सुमारास महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या रकमेस तो लावतात, तसाच आपद्ग्रस्तांना होणाऱ्या सरकारी मदतीसही. ‘एक्स ग्रेशिआ’ या लॅटिन संज्ञेचा तो प्रतिशब्द होय. देणाऱ्यावर देण्याचे बंधन नाही, तो आपखुशीने देत आहे, असा त्याचा अभिप्राय. ‘भरपाई’ची गोष्ट निराळी. ज्यास ‘भरून पावलो’ असे म्हणावयाचे आहे, त्याचे कोणाकडे तरी येणे निघत असावे लागते. एका शब्दात दात्याची मर्जी आहे, दुसऱ्यात घेणेकऱ्याचा हक्क. एवढेसे हे अंतर ओलांडावयास ब्रिटनमधील रुग्णांना साडेतीन दशकांहून अधिक काळ लागला. आणि त्या अवधीत त्यांच्यातील पुष्कळ जण मृत्यू पावले.

घटनेची रूपरेषा थोडक्यात अशी. हिमोफिलियाच्या रुग्णांचे रक्त लवकर गोठत नाही. १९७० नंतरच्या दशकात त्यांना ‘फॅक्टर आठ’ या घटकाचे संहत औषध मिळू लागले. ते सहस्रावधी दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून तयार होई. त्यातील बराच माल अमेरिकेतून येई, व तेथे पैशासाठी रक्त देणाऱ्यांत तुरुंगातील कैदीही असत. एका दात्याचा विषाणू साऱ्या साठ्यात पसरण्यास एवढे पुरेसे होते. रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्हीची बाधा झाली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आज हयात नाहीत. बाळंतपणात वा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढविलेल्यांना हेपटायटिस सी जडला, त्यांची संख्या याहून कितीतरी मोठी. एकंदर बाधित ३०,००० हून अधिक, आणि मृत सुमारे ३,०००.

या आपत्तीभोवती शासनाने जी भाषा उभारली तीच येथे विचारार्थ घ्यावयाची आहे. १९८३ मध्ये आरोग्य खात्याचे विधान असे होते की, रक्तजन्य औषधांतून एड्स पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. सारा भार ‘निर्णायक’ या एका विशेषणावर आहे. ते काढले तर वाक्य असत्य ठरते, आणि ठेवले तर ऐकणाऱ्यास धोकाच नाही असे वाटते. दुसरे विधान १९८९ च्या सुमारास रूढ झाले : रुग्णांना तत्कालीन ज्ञानानुसार उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपचार मिळाले. पुढे मंत्री बदलले, पक्ष बदलले, तरी उत्तराचा हा साचा बदलला नाही. कचेरीत ठरलेले वाक्य मंत्रोच्चारासारखे पुनःपुन्हा म्हटले की त्याचा पुरावा मागण्याचे कोणास सुचत नाही, हे आपल्याकडील पत्रव्यवहारासही लागू पडावे.

चूक नाही, म्हणून दायित्व नाही. दायित्व नाही, म्हणून भरपाई नाही. मात्र दुःख आहे, म्हणून अनुग्रह. १९८८ साली स्थापन झालेला मॅकफार्लेन ट्रस्ट याच तर्कसरणीचे अपत्य होय. त्यास १ कोटी पौंड मिळाले, आणि रुग्णांना आपली नड सांगून त्यातून साहाय्य मागावे लागले. हक्कदाराचा याचक झाला. १९९१ मध्ये एचआयव्हीबाधितांचे दावे तडजोडीने मिटले, तेव्हा हेपटायटिसच्या विषाणूंबद्दलही पुढे दावा करणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. हेपटायटिस सीच्या रुग्णांसाठी स्किप्टन फंड निघाला तो २००४ मध्ये, आणि तोही अनुग्रहच.

आयर्लंडने १९९५ मध्येच भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमले होते. तेथील प्रमाणात रकमा द्याव्यात, अशी शिफारस लॉर्ड आर्चर यांच्या अहवालात २००९ साली झाली. ब्रिटिश सरकारचे उत्तर असे की, आयर्लंडमध्ये दोष सिद्ध झाला म्हणून रकमा दिल्या गेल्या, येथे दोष नाही. वस्तुतः आयर्लंडमधील योजना दोषनिश्चितीच्या आधीच ठरली होती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ही चूक दाखवून सरकारचा निर्णय रद्द ठरविला.

सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीची घोषणा २०१७ मध्ये झाली. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने भरपाईची ‘नैतिक’ बाजू मान्य केली. हे विशेषण लक्षात घेण्याजोगे आहे : नैतिक म्हटल्याने मान्यता मिळते, परंतु तारीख ठरत नाही. अंतिम अहवालाची वाट न पाहता योजना तत्काळ उभारावी, असे लँगस्टाफ यांनी ५ एप्रिल २०२३ रोजी कळविले; सरकारने अंतिम अहवालाचीच वाट पाहण्याचे ठरविले. अखेर ४ डिसेंबर २०२३ रोजी कॉमन्स सभागृहाने २४६ विरुद्ध २४२ मतांनी भरपाई संस्था स्थापण्याची दुरुस्ती सरकारच्या इच्छेविरुद्ध संमत केली. चार मतांचे हे अंतर. अहवाल २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, पंतप्रधानांनी क्षमा मागितली, आणि चारच दिवसांनी झालेल्या कायद्याने संस्था अस्तित्वात आली. तिच्या नावात ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील तोलण्याचा अर्थ आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ११.८ अब्ज पौंडांची तरतूद जाहीर झाली.

शब्द बदलला; त्याभोवतीचे व्याकरण मात्र तितक्या सहजी बदलले नाही. नव्या संस्थेने आरंभी जी पद्धत घातली तीत बाधिताने स्वतः अर्ज करावयाचा नव्हता, संस्थेकडून ‘निमंत्रण’ येण्याची वाट पाहावयाची होती. आपले येणे वसूल करावयास जाणाऱ्यास निमंत्रण लागत नाही. ते लागते ते यजमानाच्या दारी जाणाऱ्यास. ही पद्धत ९ जुलै २०२५ च्या पूरक अहवालात लँगस्टाफ यांनी सदोष ठरविली, आणि बाधितांना स्वतः होऊन पुढे येता यावे अशी शिफारस केली. ती सरकारने स्वीकारली.