अनोळखी माणसाशीं दोन शब्द

सकाळच्या लोकलनें बोरीवलीहून चर्चगेटला जाणारीं दोन माणसें वर्षानुवर्षें एकाच डब्यांत समोरासमोर उभीं असतात; परंतु एकमेकांचें नांव तर राहोच, आवाजहि त्यांना ठाऊक नसतो. असें कां व्हावें? दोघेहि स्वभावानें घुमेच असतात असें नव्हे. समोरच्यास बोलणें रुचणार नाहीं, अशी प्रत्येकाची मनोमन समजूत असते, आणि ती बहुधा चुकीची असते.

अमेरिकेंतील शिकागो शहराच्या आगगाड्यांत निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनीं हीच गोष्ट प्रयोगानें पाहिली. तो प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. कामावर जाणाऱ्या कांहीं प्रवाशांस त्यांनीं शेजाऱ्याशीं बोलण्यास सांगितलें, कांहींस एकटें बसण्यास, व उरलेल्यांस नेहमीप्रमाणें वागण्यास. दुसऱ्या प्रवाशांस नुसतें विचारलें, तेव्हां एकटें बसणेंच अधिक सुखाचें, असा त्यांचा अंदाज पडला. प्रत्यक्षांत बोलणाऱ्यांचा प्रवासच सर्वांत सुखाचा झाला.

दुसरा लाभ व्यवहाराचा. ओळखीनें नोकरी मिळालेल्या लोकांची चौकशी करून मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालीं दाखविलें कीं, नोकरीची वार्ता नित्य भेटणाऱ्या मित्रापेक्षां अधूनमधून भेटणाऱ्या परिचिताकडून अधिक वेळां आली होती. जिवलगांचें वर्तुळ एकच असल्यामुळें त्यांची माहितीहि बहुतेक एकच असते. नवी वार्ता बाहेरूनच येते. आणि आजचा परिचित हा कालचा अनोळखीच नव्हे काय?

मात्र बोलणें आणि चौकशी यांत भेद आहे. 'आडनांव काय? गांव कोणतें?' या प्रश्नांमागें पुष्कळदां जात ताडण्याचाच हेतु असतो. पगार, लग्न, मूलबाळ यांविषयींचे प्रश्नहि तसेच. तें संभाषण नव्हे, ती झडती होय. गाडीचा उशीर, पावसाचा रंग, भाजीचा भाव यांपासून आरंभ करावा. उत्तर तुटक आलें, तर तेथेंच थांबावें. एकट्या स्त्रीच्या बाबतींत तर हें पथ्य अधिकच पाळावें.

शहरांतील कित्येक घरीं वृद्ध माणूस दिवसभर एकटें असतें. मुलें दूरदेशीं, जुने स्नेही एकेक करून गेलेले. दूधवाला, वाणी, जिन्यांत भेटणारा शेजारी यांचे दोन शब्द हेंच कधीं कधीं त्याचें दिवसाचें सारें संभाषण असतें. जिना उतरतांना क्षणभर थांबून 'आज बरें आहे ना?' एवढें विचारण्यास कोणासहि कांहीं खर्च पडत नाहीं.