पेन ट्रीटीचे लांबलेले पुनर्वसन

अमेरिकेत विमा कंपनी डबघाईला आली, तर इतर उद्योगांप्रमाणे तिला संघराज्याच्या दिवाळखोरी न्यायालयात जाता येत नाही. राज्याचा विमा आयुक्त राज्याच्याच न्यायालयाकडून पुनर्वसनाचा आदेश मिळवतो, म्हणजे संचालकांना बाजूला सारून कारभार हाती घेतो आणि कंपनी सावरण्याची योजना न्यायालयापुढे ठेवतो. पेनसिल्व्हेनियातील पेन ट्रीटी ही कंपनी आंघोळ, कपडे घालणे यांसारखी कामेही स्वतः जमेनाशी झालेल्यांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा उतरवत असे. पॉलिसी मध्येच सोडून देणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले, दावे वाढले, जुने हप्ते फारच अपुरे ठरले आणि जानेवारी २००९ मध्ये तिच्यावर असा आदेश निघाला. त्याच वर्षी आयुक्तांनी कंपनी अवसायनात, म्हणजे मोडीत, काढण्याची परवानगी मागितली. परंतु न्यायालयाने २०१२ मध्ये ती नाकारून पुनर्वसनाची योजना आखण्यास सांगितले. तत्त्वतः हे योग्यच होते. पण त्यासाठी आवश्यक असलेल्या हप्तेवाढीला राज्याराज्यांची मंजुरी लागते आणि वृद्ध मतदारांचे हप्ते वाढवण्याची हौस कोणाला असणार? मार्च २०१७ मध्ये अखेर अवसायनाचा आदेश झाला. दाव्यांचा भार राज्यांच्या हमी संघांवर, म्हणजे इतर विमा कंपन्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांवर, आला. मात्र त्यांचे संरक्षण बहुतेक राज्यांत ३ लाख डॉलरपर्यंतच होते.